गाळलेली पायरी

अहमदनगर,
मंगळवार, १२ सप्टेंबर १९७२

दीना हिस,

तुझे कार्ड काल दुपारी मिळाले. त्यावर मायना नाही, तारीख नाही आणि खाली सही नाही. अक्षर मी गिरवून घेतलेले असल्यामुळे ओळखले. दोन वर्षे तीन महिन्यांनंतर आलेल्या या कार्डावर एवढाच मजकूर आहे की, बेलापूरच्या शाळेत नववीला शिकवायच्या एका जुन्या इंग्रजी धड्यात 'कॉन्जी' असा शब्द आला आहे, शाळेच्या कोशात तो सापडत नाही, तरी घरच्या मोठ्या कोशात पाहून अर्थ व व्युत्पत्ती कळवावी. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्रश्न कोणाचा आहे, याने त्यात फरक पडत नाही.

हा शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून घेतला आणि पुढे जवळजवळ टाकून दिला. तुझ्या धड्यात पाहुणा 'कॉन्जी घेतो', म्हणजे निरोप घेतो. परंतु निरोप हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. मूळ अर्थ आहे वडीलधाऱ्याने किंवा धन्याने दिलेली जाण्याची परवानगी. परवानगी मिळाल्यावर जाणारा वाकून नमस्कार करी, म्हणून पुढे त्या नमस्कारालाही तेच नाव पडले. नंतर चाकराला कामावरून घालवून देणे यालाही तोच शब्द लागला. इंग्लंडात बिशप निवडण्यासाठी राजाची जी अनुज्ञा लागते, तिच्या नावात हा शब्द अजून टिकून आहे. फ्रेंचच्या मागे लॅटिन 'कोमेआतुस' आहे. सैनिकाला मिळणारी रजा, असा त्याचा अर्थ.

मुलांना समजावताना आपल्या 'रजा' शब्दाचे उदाहरण दे. रजा म्हणजे मुळात संमती. 'बराय, रजा घेतो' असे म्हणणारा माणूस खरे तर समोरच्याची संमती मागत असतो, जरी त्याच्या ते ध्यानात नसले तरी.

अर्थांचा हा क्रम महत्त्वाचा आहे. संमती आधी, निरोप मागाहून. जिथे संमतीच नाही तिथे घेतलेल्या निरोपाला हा शब्द लागू पडत नाही. हे मी कोशाच्या आधारे लिहीत आहे, यात कोणाला टोमणा नाही.

इथे थांबतो. दूध केंद्रावर जाऊन आणावे लागते आणि हल्ली ते मी आणतो. घरी सर्व ठीक.

यशया आढाव

---

अहमदनगर,
मंगळवार, ३ ऑक्टोबर १९७२

दीना हिस,

या वेळी पाकीट आले आणि आत चार पाने निघाली. त्यांतले दीड पान शब्दाबद्दल आहे, बाकीचे ८ जून १९७० या दिवसाबद्दल. तुझे म्हणणे असे की तू त्या दिवशी परवानगी मागितली होतीस, तीही तीनदा, आणि मी ती दिली नाही. तेव्हा दोष मागणाऱ्याचा नसून न देणाऱ्याचा आहे.

आधी त्या दिवशी काय घडले ते जसेच्या तसे मांडू, म्हणजे वाद निदान एकाच घटनेबद्दल होईल.

सोमवार होता. तू सकाळी साडेदहाला पडवीत ट्रंक आणून ठेवलीस. मच्छिंद्र, ज्याच्याशी तू लग्न ठरवले होतेस, फाटकाबाहेर टांग्यापाशी उभा होता. त्याने माझ्या हाताखाली दोन वर्षे तर्कशास्त्राचा अभ्यास केला. अनुमानाच्या पेपरात त्याला सर्वांत जास्त गुण मीच दिले होते. तो आत आला नाही, हे मला त्या वेळी उद्धटपणाचे वाटले होते. तू लिहितेस की मी त्याला आदल्या आठवड्यात 'या घराची पायरी चढायची नाही' असे बजावले होते, म्हणून तो आला नाही. ते खरे आहे. तेवढी दुरुस्ती मान्य.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून ती चालत आली आहे. कोणी गावाला निघाले की घरच्या कर्त्याने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, चार ओळींची प्रार्थना करायची, मग निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचे आणि कर्त्याने 'ये' म्हणून पाठवायचे. मी खुर्चीवर होतो. तू म्हणालीस, "बाबा, येते मी."

मी विचारले, "हे तू मला विचारते आहेस की सांगते आहेस?"

"बाबा, येते ना."

"माझ्या प्रश्नाचे उत्तर हे नव्हे."

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, नुसतं 'ये' म्हणा की. एवढ्याशा शब्दाला काय लागतं?"

बाहेरून श्रीमंत टांगेवाला ओरडला, "गुरुजी, गाडी चुकंल. काय म्हनायचं त्ये म्हनून टाका, घोडं लई तापलंय."

तू तिसऱ्यांदा 'येते' म्हणालीस. मी वर्तमानपत्र उचलले. मग आईने तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. ते मला ऐकू आले नाही. तू निघालीस तेव्हा मी एवढेच बोललो की, पुन्हा यायचे झाल्यास आधी विचारून यावे.

आता माझा मुद्दा. मागणी तीच, जिच्यात नकाराला जागा असते. मी 'नको' म्हणालो असतो तर तू राहिली असतीस का? नसतीस, हे तूच पान तीनवर मान्य करतेस. तर मग जी संमती मिळो न मिळो, तुझ्या जाण्यात फरक पडणार नव्हता, ती विचारण्याला मागणे म्हणता येणार नाही. तो निर्णय होता. निर्णय कळवायला तू मुखत्यार होतीस, कारण तुझे वय चोवीस होते. पण त्याला रजा म्हणू नये. एवढे तू कबूल करावेस. त्याहून अधिक माझी अपेक्षा नाही.

दूध मी का आणतो, असे तू विचारले आहेस. आईला थोडा अशक्तपणा आहे. शेजारच्या मुक्ताबाई दुपारी येऊन बसतात.

यशया आढाव

---

अहमदनगर,
मंगळवार, २४ ऑक्टोबर १९७२

दीना हिस,

तुझे पत्र शनिवारी मिळाले. या वेळी शब्दाविषयी एकही ओळ नाही. 'आईला काय झालंय ते सरळ लिहा' आणि 'मी येऊ का?' असे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर: औषध चालू आहे. डॉक्टर येऊन पाहून जातात. पायांना थोडी सूज असते.

दुसऱ्याचे उत्तर माझ्या मागील पत्रातल्या मुद्द्यावर अवलंबून आहे आणि त्या मुद्द्याला तू उत्तर दिलेले नाहीस. तो मोकळा ठेवून पुढचा प्रश्न सोडवता येणार नाही. ८ जूनला तू परवानगीवाचून गेलीस, एवढे विधान खरे की खोटे? 'खरे' असेल तर तसे लिही, म्हणजे पुढचे सोपे होईल.

तिकडे विहिरी आटल्याचे वाचतो. राहीबाईंना, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, माझा सलाम सांग. त्यांचा या वादाशी संबंध नाही.

हे पत्र आत्ताच पेटीत टाकायला नेतो आहे, कारण तुझ्या आईने सकाळपासून दोनदा विचारले.

यशया आढाव

---

तार
अहमदनगर, ९ नोव्हेंबर १९७२

आई आज दुपारी गेली. दफन उद्या चार वाजता. यशया.

---

अहमदनगर,
शुक्रवार, २४ नोव्हेंबर १९७२

चि. दीना,

दफनाला पंधरा दिवस झाले. त्या दिवशी कबरस्तानात तू मला एकच प्रश्न विचारलास: "आधी का नाही कळवलंत?" मी म्हणालो, "वेळ मिळाला नाही." ते उत्तर खोटे होते. मी माझ्या आयुष्यात खोटे फार थोडे बोललो आहे, म्हणून ते कुठे कुठे आहे हे मला नीट आठवते.

वेळ होता. एकवीस दिवस होते. १९ ऑक्टोबरला डॉक्टरांनी मला पडवीत बोलावून सांगितले की हृदय थकले आहे आणि जवळच्या माणसांना बोलावून घ्यावे. तुझी आई, दया, आत पलंगावर होती. संध्याकाळी म्हणाली, "दीनाला पत्र टाका." त्याच रात्री मी पत्र लिहायला घेतले. सोबत त्याचे चार मसुदे जोडले आहेत. त्यांवर तारखा आहेत. पहिल्यात एवढेच आहे की आई फार आजारी आहे, तरी तू यावेस. हा मसुदा पुरेसा होता. सकाळी वाचताना मला असे दिसले की 'तू यावेस' असे मी विनाअट लिहिले, तर तू विचारल्यावाचून गेलीस ते योग्यच होते असे मी मान्य केल्यासारखे होते. म्हणून दुसऱ्या मसुद्यात एक उपवाक्य घातले. तिसऱ्यात ते उपवाक्य आधी घेतले. चौथ्यात आईच्या आजाराचे वाक्य दुसऱ्या पानावर गेले. तू वाचशील तेव्हा तुलाही ते दिसेल. मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत असले काही आढळले की लाल शाईने 'विषयांतर' असे लिहीत असे.

चौथा मसुदा माझ्या खणात असताना तुझे 'मी येऊ का?' आले. त्याला मी २४ तारखेला काय उत्तर दिले ते तुझ्याकडे आहे.

ते पत्र पेटीत टाकून मी परत आलो तेव्हा दया उशीला टेकून बसली होती. तिने विचारले, "दीनाचं पत्र टाकलंत?"

मी म्हणालो, "टाकले."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. तुला पत्र टाकले होते. तिला वाटले, तुला बोलावल्याचे टाकले. तिचा तो समज झाला हे मला त्याच क्षणी कळले, कारण तिने मुक्ताबाईंना हाक मारून मधल्या खोलीतली खाट झाडून ठेवायला सांगितली. मी तो समज दुरुस्त केला नाही.

त्यानंतर ती रोज गाडीची वेळ झाली की कान देऊन पडून राही. स्टेशनकडून टांगा वाजला की मुक्ताबाईंना म्हणे, "बघा गं, कुणी उतरलं का." मुक्ताबाई फाटकापर्यंत जाऊन येत आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "न्हाई ओ बाई. लेकीचा पाय कुनी आडवलाय, देवच जाने." त्यांना काही ठाऊक नव्हते. त्यांना तुझा राग आला होता. तुझ्याविषयी त्या जे बोलल्या ते मी ऐकून घेतले आणि 'तसे नाही' असे म्हणालो नाही. त्याचाही इथे उल्लेख करतो.

रविवारी, ५ नोव्हेंबरला, दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजन देऊन गेले. ते गेल्यावर दया शांतपणे म्हणाली, "अहो, मी येऊ का आता?"

तिला काय म्हणायचे होते ते मला समजले. चाळीस वर्षे ती माहेरी निघाली की, मिरजेला बहिणीकडे निघाली की, बाजारात निघाली तरीही, याच शब्दांत विचारीत असे आणि मी 'ये' म्हणत असे. या वेळी मी म्हणालो, "दीना यायची आहे. थांब."

ती थांबली, दीना. तिला श्वास घेता येत नव्हता. झोपता येत नव्हते, आडवी झाली की गुदमरत असे. चार दिवस ती बसून होती, उशा आणि मुक्ताबाईंचा खांदा यांच्या आधाराने. डॉक्टर मला म्हणाले, कशाच्या जोरावर तग धरून आहेत कळत नाही. मला कळत होते. मी तिला थांब म्हटले होते, आणि ज्या गोष्टीसाठी थांब म्हटले होते ती होणार नव्हती, कारण तिची व्यवस्था मीच केलेली नव्हती.

तू म्हणशील, मग सोमवारी तार का केली नाही? तार करायची म्हणजे ते पत्र कोणते होते हे दयाला सांगणे आले. मी सोमवारी तारघरापर्यंत गेलो आणि फॉर्म घेऊन परत आलो. तो कोरा फॉर्म मसुद्यांबरोबर ठेवला आहे.

गुरुवारी दुपारी गाडीची वेळ टळली. फाटकाशी कोणी थांबले नाही. दयाने माझ्याकडे पाहिले. मी खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली आणि तिला सांगितले, "दीनाला बोलावल्याचे पत्र मी टाकलेले नाही. तिला माहीतच नाही."

मी रागाची वाट पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर थोडेसे हसू आले, आपण पोळी करपवल्यावर येते तसे. म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं? मी उगीच थांबले."

मुक्ताबाई पाणी आणायला गेल्या होत्या. दया थोड्या वेळाने म्हणाली, "दीनाला सांगा, मी तिला तेव्हाच 'ये' म्हटलं होतं. तुमच्या वाटणीचं राहिलंय." मग म्हणाली, "येऊ?"

मी उठलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थनेच्या चार ओळी मला आठवल्या नाहीत. मी म्हणालो, "ये." अडीच वाजण्याच्या सुमारास ती गेली. त्यानंतर मी तार केली.

हे तुला कबरस्तानात सांगता आले असते. जमीन दुष्काळाने इतकी कडक झाली होती की कबर खणायला पाच जणांना सकाळपासून पहार चालवावी लागली आणि आपण सगळे तासभर उन्हात उभे होतो. तू आणि मच्छिंद्र कुंपणापाशी होता. मी हे सांगण्याचे शब्द मनात जुळवत होतो. पेटी उतरल्यावर लोक माती टाकून निघू लागले, तेव्हा राहीबाई माझ्यासमोर आल्या. मी त्यांना प्रथमच पाहिले. पदर नीट करून म्हणाल्या, "गुरुजी, आमी काय लई बोलनारी मान्सं न्हाई. बाई गेल्या, वाईट झालं. येते मी. तुमी 'या' म्हना."

मी म्हणालो, "या."

तू त्यांच्यामागे दोन हातांवर होतीस. तू ते ऐकलेस, हे मी पाहिले. ज्या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा भेटलो, तिला मी विनाविलंब, विनाअट 'या' म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलेस, मग मच्छिंद्रच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतलीस आणि फाटकाबाहेर गेलीस. या वेळी तू विचारले नाहीस. ३ ऑक्टोबरच्या पत्रात मी ज्याला निर्णय म्हटले होते, तो कसा असतो हे मला त्या दिवशी दिसले. ८ जूनला तू तीनदा विचारत होतीस, आणि ते मागणेच होते. नकार मिळूनही जावे लागणार आहे हे ठाऊक असलेला माणूसच तीनदा मागतो. पान तीनवरचे तुझे विधान मी तुझ्याविरुद्ध वापरले. ते अनुमान चुकीचे होते. मच्छिंद्रला दाखव, त्याला दोष कुठे आहे ते लगेच सापडेल.

आता शब्दाबद्दल, कारण तुझा मूळ प्रश्न तो होता आणि त्याला मी अपुरे उत्तर दिले. १२ सप्टेंबरच्या पत्रात मी 'कोमेआतुस' पर्यंत आलो आणि थांबलो. कोशात त्याच ओळीत पुढची पायरी दिलेली आहे. ती मी वाचली होती आणि गाळली. त्या नामाच्या मागे एक क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ 'जाणे' असा नाही, 'परवानगी देणे' असाही नाही. त्याचा अर्थ आहे ये-जा करणे. जाऊन परत येणे, पुन्हा जाणे. सैनिकाच्या रजेला परतीचा दिवस ठरलेला असे, म्हणून त्या रजेला ते नाव. संमती मागाहून आली. धनी, वडील, राजा हे सर्व मागाहून आले. सगळ्यांत आधी फक्त वाट होती आणि तिच्यावरून दोन्ही दिशांना चालणारी माणसे. हे लिहिले असते तर माझा युक्तिवाद पहिल्याच पत्रात कोसळला असता. नववीच्या मुलांना मी दिलेला अर्थ सांगून झाला असेल, तर कृपा करून दुरुस्ती सांग.

आईच्या पेटीत तुझ्यासाठी दोन लुगडी आणि तिचे बायबल आहे. पुस्तकात तुझ्या जन्माची तारीख तिच्या हातची आहे. या वस्तू टपालाने पाठवणे मला योग्य वाटत नाही. पुढच्या शनिवारी, २ डिसेंबरला, मी दुपारच्या गाडीने त्या घेऊन येत आहे. 'आधी विचारून यावे' ही अट मीच घातली होती, तेव्हा विचारतो: येऊ का? नको असेल तर कार्ड टाक. ते गुरुवारपर्यंत मिळेल आणि मी येणार नाही. वस्तू मुक्ताबाईंच्या मुलाबरोबर पाठवीन.

आलो तर आत बोलवायचे की नाही हे राहीबाईंनी ठरवावे. घर त्यांचे आहे. तुम्ही बसायला सांगितले नाही तर वस्तू ओट्यावर ठेवीन. परतीची गाडी साडेपाचला आहे. निघताना मी तुझ्यापुढे उभा राहीन आणि 'येतो' म्हणेन. ते मी विचारत असेन. त्यावर तू काही म्हणावेस, असा माझा कोणताही युक्तिवाद नाही. तू वर्तमानपत्र उचललेस तरी मी फाटकाबाहेर पडेन आणि गाडी गाठेन.

तुझ्या आईने माझ्या वाटणीचे म्हटले होते ते तोंडी द्यायचे आहे. कागदावर लिहून त्यातून मोकळा होणार नाही.

या पत्राची मी पक्की प्रत केलेली नाही. खाडाखोड आहे, पान दोनवर एक वाक्य दोनदा खोडले आहे आणि शाई एका जागी फुटली आहे. पुन्हा वाचायला घेतले तर काय होईल ते मला माहीत आहे. मुक्ताबाई दळण घेऊन निघाल्या आहेत. पेटी त्यांच्या वाटेवर आहे. त्या दारात उभ्या राहून म्हणत आहेत, "द्या की गुरुजी, का आजून काय लिवायचंय?"

देतो.

बाबा